गार्मथ-किंग्स्टन : स्पे नदीच्या मुखावरच्या या गावात राजाच्या पाटीपलीकडे काय आहे?

स्नेहलतागंजवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे स्कॉटलंडला निघालोय. तिची नोकरी एल्गिनला, पण घर मिळालंय गार्मथ नावाच्या खेड्यात. स्पे नदी उत्तरेकडे समुद्राला मिळते तिथे, पश्चिम काठावर. त्याला लागूनच किंग्स्टन नावाचं आणखी एक छोटं गाव आहे. जावईबापूंचं म्हणणं, "आई, इथे बघण्यासारखं काही नाही, आपण एडिंबरा करू, स्काय बेट करू." मला गाडीत बसून दिवसभर डोंगर बघायचा कंटाळा येतो आणि यांच्या गुडघ्यांना तो मानवत नाही. जिथे राहायचं तेच गाव नीट बघावं, असा माझा बेत आहे.

लेकीने एका घरावरच्या पाटीचा फोटो पाठवलाय : १६५० साली राजा दुसरा चार्ल्स इथे उतरला. बाकी सगळ्या फोटोंत गोटे, गोटे आणि ढग. मी शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे एका पाटीवर माझं भागत नाही. शिवाय परत आल्यावर आमच्या भगिनी मंडळात तासभर बोलायचं कबूल केलंय. तिथल्या बायका "हवा छान होती" एवढ्यावर सोडत नाहीत, पोहे खाऊन झाले की प्रश्न सुरू.

तर हे गाव कशावर जगलं, त्यातलं आज काय उभं आहे, आणि जाण्याआधी काय समजून घ्यावं? कोणी गेलं असेल तर सविस्तर सांगा. गूगल उघडून सांगणाऱ्यांनी कृपया थांबावं, ते मला येतं.

---

जुनं_इंदूर

ताई, त्या पाटीला एवढं हलक्यात घेऊ नका. हा तोच चार्ल्स, ज्याला पुढे पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ साली वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मंडळात इथून सुरुवात करा, बायका सरसावून बसतील.

आणखी एक. हा आणि आपले महाराज, दोघांचा जन्म १६३० चा. इकडे विशीतले महाराज स्वराज्याची घडी बसवत होते, तेव्हा तिकडे हा विशीचाच पोरगा हॉलंडहून जहाजात बसून स्पेच्या मुखाशी आला. बापाचं डोकं आदल्याच वर्षी, १६४९ च्या जानेवारीत, लंडनला भर रस्त्यात उडवलेलं. स्कॉटलंडमधल्या प्रेस्बिटेरियन पुढाऱ्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की आमच्या धर्मपंथाच्या करारनाम्यावर सही कर, मग तुला राजा म्हणू. मनात नसताना त्याने २३ जूनला सही केली. १ जानेवारी १६५१ ला स्कोन इथे राज्याभिषेक झाला, त्याच सप्टेंबरात वूस्टरच्या लढाईत सपाटून हरला आणि पुन्हा परागंदा. गादी मिळाली ती १६६० ला.

गावात गोष्ट सांगतात की राजाचे पाय भिजू नयेत म्हणून मिल्न नावाच्या गावकऱ्याने त्याला पाठुंगळीवर घेऊन किनाऱ्यावर आणलं, आणि पुढे त्या घराण्याला 'किंग मिल्न' म्हणू लागले. खरी असो-नसो, गोष्ट झकास आहे.

जूनच्या शेवटच्या शनिवारी गावात 'मॅगी फेअर' भरते. इनेस घराण्यात दिलेल्या मार्गारेट केर या बाईंचं नाव त्या जत्रेला आहे. तुम्ही तेव्हा तिथेच असाल तर चुकवू नका.

---

सागवान (इंदूर, हल्ली मुक्काम महू)

राजा आला, सही केली, पुढे गेला. त्याच्यावर किती बोलायचं? गाव लाकडावर आणि माशावर जगलं आणि दोन्ही नदीने आणून दिलं. जुनं_इंदूर यांनी राजाचं सांगितलं ते ठीकच आहे, पण तेवढंच सांगाल तर गावाचं काहीच सांगितलं नाही असं होईल.

माझी नोकरी मध्य प्रदेश वनविभागात, बैतूल-होशंगाबादच्या सागवानात गेली. मुलगा ॲबरडीनला असताना त्या भागात भरपूर हिंडलो. त्यामुळे हे लाकूडवाल्याच्या नजरेतून सांगतो, पटलं तर घ्या.

जंगलात झाड पाडणं सोपं असतं. खरा खर्च ते डेपोपर्यंत आणण्यात. स्पेच्या वरच्या अंगाला, केर्नगॉर्म डोंगराच्या पायथ्याशी ग्लेनमोर नावाचं जुनं पाइनचं जंगल होतं, गॉर्डनच्या ड्यूकच्या मालकीचं. रस्ता म्हणावा असा नाही. पण नदी आहे आणि पाइन तरंगतो. (आपलं ओलं सागवान बुडतं. ब्रह्मदेशात म्हणून झाडाची साल गोल कापून ते उभंच वाळवत आणि मग पाण्यात सोडत. पाइनला ती भानगड नाही.) १७८० च्या दशकात यॉर्कशरमधल्या दोन व्यापाऱ्यांनी, हलचा विल्यम ऑसबोर्न आणि यॉर्कचा राल्फ डॉड्सवर्थ यांनी, त्या जंगलाच्या तोडीचा हक्क विकत घेतला आणि १७८४ साली नदीच्या मुखावर जहाजं बांधायचं आवार घातलं. त्या आवाराभोवती जे वसलं ते किंग्स्टन. नाव त्यांच्या किंग्स्टन-अपॉन-हलवरून दिलेलं. गार्मथ त्याच्या कितीतरी आधीचं, किंग्स्टन म्हणजे कारखान्याची वसाहत समजा.

आता लाकूड कसं यायचं ते बघा, कारण मला त्यातच खरी अक्कल दिसते. ग्लेनमोरमध्ये लॉक मॉर्लिख हे तळं आहे. त्याच्या तोंडाशी दरवाजे बसवलेले. ओंडके खालच्या ओढ्यात आणून ठेवायचे, तळं तुंबवायचं आणि मग दरवाजे एकदम उघडायचे. त्या लोंढ्याबरोबर माल लुइनेग आणि ड्रुई या छोट्या नद्यांतून स्पेपर्यंत सुटा यायचा. स्पेत त्याचे तराफे बांधायचे आणि तराफ्यावर माणसं उभी राहून ते मुखापर्यंत हाकायची. त्याही आधीच्या काळात एकेक माणूस कातड्याच्या गोल होडीत बसून दोरीने लाकूड ओढत न्यायचा. त्या होडीला करख म्हणतात. एल्गिनच्या म्युझियममध्ये एक ठेवलेली आहे. लेक तिथेच कामाला जाते ना? तिच्या गाडीतून जा, परत तिच्याबरोबर या.

जंगल संपल्यावर, १८०६ साली, ऑसबोर्नने ड्यूकला ग्लेनमोरच्या एका झाडाची भली रुंद फळी भेट पाठवली आणि तिच्यावर सगळा हिशेब कोरून दिला. अख्खं जंगल २२ वर्षांत तोडलं. जिथे आधी कधी जहाज बांधलं गेलं नव्हतं तिथे ४७ जहाजं बांधली, मिळून १९,००० टनांवर. सर्वांत मोठं १,०५० टनांचं. ते आणि त्याच्याहून थोडी लहान अशी आणखी तीन, राजाच्या आरमारात आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. नुसत्या मजुरीवर ७०,००० पौंडांहून जास्त खर्च. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. "अख्खं जंगल तोडलं" हे माणूस अभिमानाने लिहितोय! आमच्याकडे कोणी असा कूप (तोडीसाठी नेमलेला जंगलाचा पट्टा) साफ केला असता तर चौकशी बसली असती आणि पेन्शन अडकली असती.

ताई, तुमच्या मंडळाला मुंबईपेक्षा हे सांगा. कंपनीची जी जहाजं आपल्याकडे यायची त्यांतली काही या गोट्यांच्या किनाऱ्यावर, वरून वाहत आलेल्या लाकडातून उभी राहिली.

ऑसबोर्न गेल्यावर स्थानिक लोकांनी आवारं चालू ठेवली, पुढची साठ-सत्तर वर्षं तरी जहाजं बांधली जात होती. मग लोखंडी आगबोटी आल्या, रेल्वे आली आणि धंदा बसला. आज त्या आवारांचं जवळजवळ काही दिसत नाही. किंग्स्टनला उभं राहून तुम्हाला कळणारही नाही की इथे हजार टनी जहाज पाण्यात उतरवलं होतं. त्याचं कारण थोडं नदीही आहे, पण ते उद्या लिहितो, आता वीज जाण्याची लक्षणं आहेत.

---

स्नेहलतागंजवाली

सागवानकाका, वीज आली की लगेच लिहा. हे यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते म्हणाले फळीचा भाग पुन्हा वाच.

माशाचंही सांगा. आमच्या मंडळात मासे खाणाऱ्या मोजक्या, तरी चालेल. आणि लेक म्हणते की गावातली काही जुनी घरं मातीची आहेत. खरं का? स्कॉटलंडमध्ये सगळं दगडी असतं अशी माझी समजूत.

---

सागवान

मातीची आहेत. गार्मथचं वैशिष्ट्यच ते. तिथे घडवायला चांगला दगड हाताशी नाही, पण नदीने आणलेले गोल गोटे आणि चिकणमाती भरपूर. मग चिकणमातीत गवताचे तुकडे कालवून गारा करायचा आणि त्यात गोटे बसवत भिंत चढवायची. वरून चुन्याचा गिलावा. गिलावा शाबूत आहे तोवर भिंत दोनशे वर्षं हलत नाही, गिलावा फुटून पाणी शिरलं की संपलं. आपल्या माळव्यातल्या खेड्यात भुसा घालून माती तुडवतात, त्याचंच थंड देशातलं भावंड. गल्ल्या अरुंद आणि वाकड्या, कारण गाव कोणी आखलेलं नाही. याच्या उलट वरचं फोचाबर्स बघा : ड्यूकला आपल्या वाड्याच्या दारात गाव नको होतं, म्हणून १७७६ पासून ते उचलून पलीकडे सरळ रेषेत नवं वसवलं. दोन्ही गावं एका दिवसात बघून होतात आणि फरक लगेच कळतो.

आता नदी. स्पे दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि शेवटपर्यंत जोर सोडत नाही. बहुतेक नद्या समुद्राजवळ आल्या की सुस्तावतात, गाळ टाकतात. ही अगदी मुखापर्यंत गोटे ढकलत आणते. मग समुद्राच्या लाटा ते गोटे पश्चिमेकडे सरकवतात आणि त्यांचा बांध तयार होतो. त्या बांधाने नदीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे किंग्स्टनकडे, ढकललं जातं. कधी नदी स्वतःच बांध फोडून सरळ जाते, कधी माणसांनी चर खणून तिला सरळ केलं. म्हणजे जुन्या नकाशातलं मुख आणि आजचं मुख एका जागी नाही. जहाजबांधणीची जागा शोधायची म्हणजे नक्की कुठल्या सालची नदी धरायची, हा पहिला प्रश्न.

१८२९ च्या ऑगस्टच्या ३-४ तारखेला जो पूर आला त्याला तिकडे अजून 'मकल स्पेट' म्हणतात, थोरला पूर. किंग्स्टनची घरं त्यात गेली. वर फोचाबर्सचा दगडी पूल, बांधून पंचवीस-एक वर्षंच झाली होती, त्याच्या दोन कमानी वाहून गेल्या. आधी तिथे लाकडी कमान टाकली, नंतर बिडाची. पुलाखाली उभं राहिलं की दगडी आणि बिडाचा सांधा सरळ दिसतो, कोणाला विचारावं लागत नाही.

माशाचं मला फारसं कळत नाही, मी शुद्ध शाकाहारी. कोणी तरी पुढे या.

---

विश्वामित्रीकाठ (बडोदे)

मी पुढे येतो. रेल्वेत ब्रिज विभागात होतो, त्यामुळे मासा आधी आणि पूल नंतर सांगतो, नाहीतर पुलावरच अडकेन.

गार्मथसमोर, पूर्व काठावर, टगनेट म्हणून जागा आहे. तिथे सामन माशाचा मोठा व्यवसाय होता. आधी मासा उकडून व्हिनेगरमध्ये पिंपात भरून लंडनला पाठवायचे. मग १७८० च्या दशकात बर्फात घालून ताजा मासा पाठवायची युक्ती आली. ती सुचवली जॉर्ज डेम्पस्टर या खासदाराने, जो कंपनीचा डायरेक्टर राहिलेला. त्याला ती कळली अलेक्झांडर डॅलरिंपलकडून, ज्याने कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे बरीच वर्षं काढली होती. चीनमधले कोळी मासा बर्फात ठेवतात हे त्याने सांगितलं. म्हणजे स्कॉटिश सामन ताजा राहिला तो चिनी कोळ्यांच्या अकलेने. मंडळात हे सांगाच.

त्यासाठी टगनेटला १८३० साली बर्फघर बांधलं. शेजारी शेजारी तीन लांब कमानीदार छपरं, वर माती आणि गवत, अर्धं जमिनीत. हिवाळ्यात आसपासच्या पाण्यावरचा बर्फ फोडून आत कोंबायचा, तो पुढच्या मासेमारीच्या हंगामात पुरायचा. स्कॉटलंडमध्ये टिकलेलं हे सर्वांत मोठं बर्फघर. मासेमारी १९९१ ला बंद झाली. आता त्या आवारात डॉल्फिन केंद्र आहे, कारण मोरे फर्थच्या त्या पाण्यात बॉटलनोज डॉल्फिन कायम वस्तीला असतात. आम्हाला किनाऱ्यावरून दिसले. आमच्या विश्वामित्रीत मगरी दिसतात, पण त्या बघायला कोणी चहा घेऊन बसत नाही.

आता पूल. गार्मथजवळ १८८६ साली रेल्वेने लोखंडी पूल टाकला. मधला गाळा (दोन खांबांमधलं अंतर) एकच ३५० फुटांचा, धनुष्याच्या कमानीसारखा, आणि दोन्ही अंगांना शंभर-शंभर फुटांचे तीन-तीन. एकूण ९५० फूट. एवढा लांब मधला गाळा कशाला? तर सागवान यांनी सांगितलंय तेच. पात्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पात्रात खांब जितके कमी तितकी डोकेदुखी कमी. गंमत अशी की इंजिनियरने मधला गाळा प्रवाहावर बेतला तरी नदी पुढे तिला हवं तिथूनच गेली. रेल्वे १९६८ ला बंद झाली, नंतर तिथून पायवाट काढली. ताई, पुलावरून पलीकडे जाण्याचा बेत मात्र लेकीला विचारूनच करा. अशा नदीत खांबाखालची माती खरवडली जाणं हा रोजचा धोका असतो आणि वाट कधी बंद असेल सांगता येत नाही. बंद असेल तर फोचाबर्सवरून गाडीने वळसा घालून टगनेटला जाता येतं.

---

राजवाडा_चौक

सगळं छान आहे पण एक विचारू का? आपल्या इंदुरात कान्ह नदीचा नाला झाला, बोलियांच्या छत्रीकडे बघायला कोणाला वेळ नाही, आणि आपण साहेबाच्या खेड्यातल्या गोट्यांवर चर्चा करतोय. भिया, आधी आपलं तर बघा.

---

सागवान

भिया, रास्त बोललात, पण साहेबाचं खेडं आणि आपली नदी यांचा संबंध तुमच्या समजुतीपेक्षा जवळचा आहे.

पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार. जन्म १८५४, डी नदीकाठच्या बॅलेटरचा, वाढला टे नदीकाठच्या पर्थला. त्याने एक आकृती मांडली, नदीच्या खोऱ्याचा उभा छेद. वर डोंगरात खाणकामगार, मग लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, कोरडवाहू शेतकरी, चांगल्या जमिनीचा शेतकरी आणि शेवटी मुखावर कोळी. त्याचं म्हणणं, कुठलंही शहर समजून घ्यायचं तर त्याचं अख्खं खोरं बघा. माझ्या मते स्पे हा त्याचा चालता-बोलता नमुना आहे : ग्लेनमोरला लाकूडतोड्या, टगनेटला कोळी, मध्ये सगळे.

हाच गेडीस होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरात आला. १९१८ चा त्याचा दोन खंडांचा अहवाल इंदूर दरबाराला सादर झालेला आहे. (त्याआधी बडोद्यासाठीही त्याने अहवाल केला होता, विश्वामित्रीकाठ यांना ठाऊक असेल.) इंदुरात तेव्हा प्लेग. लोकांचा समज की हा साहेब घरं पाडायला आलाय. त्याने १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ज्या मोहल्ल्यांनी घरं-रस्ते साफ केले असतील, मिरवणूक तिथूनच जाणार. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता, ते शेवटी जाळले. आज आपण स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून मिरवतो, त्यात या म्हाताऱ्याची आठवण कोणी काढत नाही. नदीकाठ मोकळे ठेवा, तळी बुजवू नका, हेही त्याने सांगितलं होतं. ते आपण ऐकलं नाही.

आणि आपण राहतो ते खोऱ्याच्या वरच्या टोकाला. कान्ह क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, पुढे गंगा. आपण सोडलेलं पाणी शेवटी जाऊन कुठे काय करतं, ते इंदूरकराला कधी बघायला मिळत नाही. मुखावरचं गाव बघण्यात मला हाच फायदा वाटतो. वर जंगल तोडलं की खाली जहाज बनतं आणि वर ढग फुटला की खाली घर जातं, हे तिथे एका दिवसात दिसतं.

---

परकम्मावासी

नर्मदामैयाच्या परिक्रमेत विमलेश्वरहून नावेत बसून मिठी तलाईला गेलो, ते रेवासागर संगमाचं पाणी बघितलंय. पलीकडचा काठच दिसत नाही. स्पेचं मुख केवढं आहे?

---

सागवान

त्याची तुलनाच नको. स्पेचा पलीकडचा काठ समोर दिसतो, हाक मारली तर ऐकू जाईल. पाणी मात्र असं धावतं की त्यात पाय घालायची हिंमत होत नाही.

---

स्नेहलतागंजवाली

मंडळी, वहीची पानं भरली. मंडळासाठी क्रम ठरवला : फळी, जहाजं, बर्फघर, पूर आणि शेवटी गेडीस. राजाला मध्ये कुठेतरी पाच मिनिटं. जुनं_इंदूर यांनी रागावू नये.

दोन व्यावहारिक शंका. यांना गोट्यांवर चालता येईल का? आणि जूनमध्ये स्वेटर लागतो का?

---

विश्वामित्रीकाठ

गोट्यांवर नाही. पाय घसरतो आणि काठी रुतते. टगनेटच्या बाजूला केंद्राजवळून पाणी आणि डॉल्फिन बसल्या जागी दिसतात, त्यांना तिकडे बसवा. स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट दोन्ही घ्या, उत्तरेचा वारा जूनमध्येही बोचतो. उजेड मात्र रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे लेक कामावरून आल्यावरही फिरायला भरपूर वेळ मिळेल.

---

सागवान

आणि जावईबापूंना सांगा, एक दिवस स्कायऐवजी लॉक मॉर्लिखला न्यायचं. अंतर निम्म्याहून कमी, पेट्रोल वाचेल. तिथलं जंगल १९२३ साली सरकारच्या फॉरेस्ट्री कमिशनकडे गेलं, पाइन पुन्हा बऱ्यापैकी उभा राहिलाय आणि तळ्याकाठची वाट सपाट आहे, गुडघेवाल्यांना चालेल. सकाळी तिथून निघून स्पेच्या काठाकाठाने खाली आलात तर संध्याकाळच्या चहाला गार्मथला पोहोचाल. उलट दिशेने करू नका, लाकूड त्या बाजूने जात नव्हतं.